शहाबादी फरशीखालची जात : घर घेताना आपण काय तपासत नाही?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका शिक्षकाने नेकनूरमध्ये घर विकत घ्यायचे ठरवले. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणारे, आठवडी बाजाराचे हे मोठे गाव. शिक्षक आपलाच माणूस, घराण्यातला पहिला पगारदार. बाप ऊसतोडीला जायचा, आणि ह्याने आता कर्ज काढून तयार घर घ्यायचे म्हणजे घरादाराचा सण. बघायला सात माणसे गेली होती, त्यांत आम्हीही होतो.

कोणी स्लॅबला ओल आहे का ते पाहिले. कोणी बोअर किती फूट आहे, उन्हाळ्यात पाणी टिकते का, मोटर किती एचपीची आहे हे विचारले. एकाने ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा उन्हात धरून दोनदा वाचला. सरांच्या आईने स्वयंपाकघराचा ओटा हाताने ठोकून पाहिला. घरामागच्या अंगणात मात्र दोन शहाबादी फरश्या सिमेंटने पक्क्या बसवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर धुणे धुवायचा दगड. शौचालयाच्या टाकीचे काय, असे कोणीतरी सहज विचारले. घरमालक मोठ्या अभिमानाने म्हणाले, "सर, तिची काहीच कटकट नाही. बारा वर्षांत एकदाही उघडली नाही!"

आणि ही घराची खुबीच आहे अशा थाटात सातही जणांनी माना हलवल्या. आम्हीही हलवली.

घरी आल्यावर ही गोष्ट आम्हाला टोचत राहिली. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. पवित्र आणि अपवित्र यांच्या उतरंडीवर पानेच्या पाने लिहून मार्क मिळवले. आणि ती उतरंड प्रत्यक्ष समोर, दोन फरश्यांखाली झाकलेली असताना आम्ही धुण्याच्या दगडावर उभे राहून मान हलवत होतो.

सेप्टिक टँक न उघडणे ही खुबी नसते. टाकीत मैला जिरून नाहीसा होत नाही. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेल-चरबी आणि हलका भाग वर साय धरतो, आणि मधले पाणी तेवढे पुढच्या शोषखड्ड्याकडे जाते. म्हणून भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. २४७० या संहितेत गाळ दरवर्षी काढणे इष्ट, आणि ते जमत नसेल तर निदान दोन-तीन वर्षांनी तरी काढावा, असे सांगितले आहे. बारा वर्षे टाकी उघडली नाही आणि तरी ती भरली नाही, याचे सरळ अर्थ दोनच. एकतर ती टाकीच नाही, बिनबुडाचा खड्डा आहे आणि मैला मुरमातून झिरपत बोअरच्या दिशेने चालला आहे. किंवा ती कधीच गाळाने भरली आहे आणि संडासातून पडलेले सारे जसेच्या तसे बाहेरच्या नालीत जात आहे. घर घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी हे तपासायला नको? स्लॅब तपासतो, बोअर तपासतो, कागद तपासतो. टाकी का नाही? "घाण वाटते म्हणून" हे उत्तर खरे नाही. गोठ्यातले शेण उपसताना कुणाला घाण वाटत नाही. खरे उत्तर इतिहासात आहे.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर' नावाचा कर होता. घराघरांतल्या टोपलीच्या संडासातून मैला उचलून नेणाऱ्याला हलालखोर म्हणत, आणि त्या सेवेसाठी घरधन्याकडून कर घेतला जाई. हा साधा पालिकेचा कर वाटतो, पण त्यात एक मोठा सामाजिक करार लपलेला आहे. कर भरला की घरधन्याचा आणि त्याच्याच मैल्याचा संबंध संपला. संडास घराच्या मागच्या बाजूला, त्याला लागून अरुंद बोळ. त्या बोळातून माणूस येणार, टोपली उचलणार, डोक्यावर घेणार आणि घरातल्या कोणाच्याही नजरेस न पडता निघून जाणार. नगररचनाच अशी की जात दिसू नये आणि कामही थांबू नये.

सेप्टिक टँकचा शोध खरे तर हे डोक्यावरचे ओझे उतरवू शकणारा शोध होता. फ्रान्समध्ये मूरास याने त्याच्या आधीच बंद टाकी करून पाहिली होती. 'सेप्टिक टँक' हे नाव आणि पद्धत रूढ केली ती १८९५-९६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचा सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन याने. मैला उपसून नेण्याऐवजी बंद टाकीत जिवाणूंकडूनच कुजवायचा, ही त्यामागची कल्पना. तिथे टाकीतून निघणाऱ्या वायूवर दिवेही लावले गेले. आपल्याकडेही हे तंत्र उशिरा आले असे नाही. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याची टाकी बांधून तिच्या वायूचा उपयोग करून पाहण्यात आला. समाजाने ज्यांना वेशीबाहेर टाकले त्यांच्या आवारात हे सुधारलेले तंत्र सव्वाशे वर्षांपूर्वी पोचले होते!

मग डोक्यावरची टोपली तेव्हाच का सुटली नाही? कारण ती सोडवायची कोणाला घाई नव्हती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. पुढे केंद्राने मलकानी समिती नेमली, तिचा अहवाल १९६० चा. डोक्यावरून मैला वाहणे बंद करा, ढकलगाड्या द्या, हातमोजे द्या, असा या शिफारशींचा सूर होता. म्हणजे अवजार बदला. माणूस तोच राहू द्या. मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा यायला १९९३ साल उजाडले. एक्झिटरच्या टाकीपासून जवळजवळ शंभर वर्षे.

मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. निजामाच्या राज्यातल्या बीड जिल्ह्यात खेड्यांमध्ये संडासच नव्हते. सगळे गाव परसाकडेला जायचे. मैला वाहणारी मेहतर कुटुंबे होती ती शहरांत आणि छावण्यांत. खेड्यात आपल्या वाट्याला आली ती मेलेली ढोरे. त्यामुळे "आपण कुठे मैला उचलला?" असे आपल्या वस्तीत आजही सहज म्हटले जाते. नेकनूरसारख्या गावात टाकी आली ती अगदी अलीकडे. २००० पासूनचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, मग २०१४ चे स्वच्छ भारत अभियान, शौचालयामागे १२ हजार रुपये, आणि २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा.

या अभियानात सरकार सांगत होते की दोन छोटे शोषखड्डे घ्या. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू करा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत मातीसारखे खत होते, आणि ते कोणीही फावड्याने काढू शकतो. तंत्र स्वस्त आणि सोपे. पण ऐपत असलेल्या लोकांनी काय केले? दहा बाय दहाची, बारा फूट खोल टाकी खणली. "एकदाच बांधू, हयातभर बघायला नको." डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी 'व्हेअर इंडिया गोज' या २०१७ च्या पुस्तकात उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल हेच मांडले आहे. छोटा खड्डा नको असतो, कारण तो लवकर भरेल, तो उपसावा लागेल, आणि उपसणे हे अस्पृश्यांचे काम मानले जाते. आम्ही बीड तालुक्यात जे पाहतो ते याहून निराळे नाही. टाकीचा आकार इंजिनिअर ठरवत नाही, जात ठरवते. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातल्या एका गावात स्वतः शोषखड्ड्यात उतरले आणि खत बाहेर काढले. त्याची देशभर बातमी झाली. एका अधिकाऱ्याने एकदा केले तर बातमी होते. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या केले त्यांची बातमी फक्त मेल्यावर येते.

अशी बातमी आपल्या अगदी शेजारून आली होती. मे २०२३, परभणी जिल्हा, सोनपेठ तालुका, भाऊचा तांडा शिवार. परळीच्या पलीकडचाच भाग. शेतातल्या सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजूर गुदमरून मेले. पाचही मुस्लिम, एकमेकांच्या नात्यातले. इथे आपल्यातला एखादा म्हणेल की मग हा जातीचा प्रश्न कुठे राहिला? राहिला आणि पसरलाही. काम जातीने ठरवून ठेवले, त्याची किंमत जातीने पाडून ठेवली. आता ज्याच्या पोटाला दुसरे काही नाही असा कोणीही त्या भोकातून खाली ढकलला जातो. आधी माणूस नीच ठरवून त्याला काम दिले, आता काम नीच ठरलेले आहे आणि त्याला माणूस शोधला जातो.

एकाच वेळी पाच-पाच माणसे का मरतात? टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. वरची साय फुटली, गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम बाहेर येतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो हे खरे, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. "आता वास येत नाही, उतर" हे वाक्य म्हणूनच जीवघेणे आहे. पहिला कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला मेव्हणा. दिवा किंवा काडी पेटवून पाहायची जुनी रीत तर आणखी वाईट, कारण मिथेन भडकतो.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने राज्यसभेत आकडे दिले. देशात ५८,०९८ हाताने मैला साफ करणारे नोंदले गेले. त्यांपैकी ज्यांच्या जातीची माहिती होती असे ४३,७९७ जण, आणि त्यांत अनुसूचित जातींचे ४२,५९४. त्याच वर्षी जुलैमध्ये याच खात्याचे राज्यमंत्री रामदास आठवले यांनी, हाताने मैला साफ करताना कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे उत्तर दिले होते. खोटे आहे का? कागदावर नाही. कारण सरकारच्या हिशेबात गटारात आणि टाकीत मेलेला माणूस 'धोकादायक सफाई'च्या रकान्यात जातो, 'हाताने मैला सफाई'च्या नाही. रकाना बदलला की मढे नाहीसे होते. पँथरच्या चळवळीतून आलेल्या माणसाच्या तोंडून हे उत्तर यावे, याबद्दल आम्ही वेगळे काय लिहायचे!

२०१३ चा कायदा लागू झाला तो ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख आपल्याला वेगळी सांगायला नको. या कायद्याचे कलम ७ म्हणते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटाराच्या वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणार नाही. 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द नीट वाचा. त्यात फक्त ठेकेदार आणि नगरपालिका नाहीत; घरमालक आहे. तुम्ही आहात, आम्ही आहोत. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कायद्यात पळवाट आहे: संरक्षक साधने न देता केलेली सफाई ती 'धोकादायक', अशी व्याख्या केलेली आहे. पण खेड्यात साधने कोण देतो? कंबरेला दोर आणि आधी पाजलेली क्वार्टर, हीच साधने.

न्यायालयांनी भरपाईची रक्कम वाढवत नेली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १० लाख सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केले. गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत डिसेंबर २०१९ मध्ये तिघे मेले, तेव्हा त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारला प्रत्येकी १० लाख द्यायला लावले. टाकी खासगी आहे म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. पण भरपाई मढ्यानंतर मिळते. मढे पडू नये यासाठी काय?

१५ ऑक्टोबर १९५६ ला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेब नागपुरात बोलले तेव्हा त्यांनी मेलेल्या ढोरांचा विषय काढला होता. महारांनी ढोरे ओढायचे सोडले तेव्हा 'केसरी'त कातडे, शिंगे, हाडे यांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडून, हे लोक आपलेच नुकसान करून घेत आहेत असे छापले गेले होते. बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा असेल तर ते काम तुम्ही करा, वर पदरचे पैसे मी देतो. हे भाषण आपण सगळ्यांनी वाचलेले आहे आणि त्या जागेवर टाळ्याही वाजवलेल्या आहेत. आता तोच हिशेब कोण मांडतो ते पाहा. "एका दिवसाचे चार-पाच हजार मिळतात की त्यांना! कोण देतो एवढे?" हे वाक्य आम्ही मागच्या वर्षभरात तीनदा ऐकले. तिन्ही वेळा बोलणारा आपल्यातला होता. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, मागे टाकी होती.

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. इतकी वर्षे आपण फरशीच्या खालच्या बाजूने बोललो. आता आपल्यातले काही फरशीच्या वर राहायला आले आहेत. घर घेणाऱ्या, बांधणाऱ्या पहिल्या पिढीने कुणाला फोन करायचा ते काही नव्याने शिकावे लागले नाही. शेजारच्या पाटलाने ज्याला फोन केला त्यालाच आपण केला.

म्हणून टाकी तपासणे हे आम्हाला केवळ घरखरेदीतले शहाणपण वाटत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९५ पासूनच्या 'टायटल फाइव्ह' नियमांनुसार घर विकताना सेप्टिक यंत्रणेची तपासणी झालेली असावी लागते; साधारणपणे विक्रीच्या आधीच्या २ वर्षांतली तपासणी चालते. तपासणारा झाकणातून पोकळ नळी सोडून गाळ मोजतो, नळाला पाणी सोडून बघतो, आणि त्यासाठी त्याला टाकीत उतरावे लागत नाही. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, विहीर लिहितात, झाड लिहितात. टाकी कोणी लिहीत नाही.

पण नियम नसला तरी ही तपासणी नेकनूरमध्ये करता येते, आणि तिला कोणत्याही जातीचा माणूस 'लावावा' लागत नाही. आधी विचारायचे: टाकी कोणत्या साली बांधली, किती बाय किती, तळाला काँक्रीट आहे की कोरडा दगड, कप्पे किती, आणि पाणी पुढे कुठे जाते. शोषखड्ड्यात, की गल्लीतल्या नालीत? गवंडी गावातला असेल तर त्याच्याकडून खरे कळते, मालकाकडून नाही. मग मीटरटेप घेऊन शोषखड्ड्यापासून बोअरपर्यंतचे अंतर मोजायचे. संहितेप्रमाणे ते १८ मीटरपेक्षा, म्हणजे साठेक फुटांपेक्षा, कमी नको. मग फरशी उघडायची. दोघांनी, दिवसा, वाऱ्याकडे पाठ करून, विडी-काडी लांब ठेवून, पोरांना घरात पाठवून. डोके आत घालायचे नाही. अर्धा दिवस उघडी ठेवली म्हणून टाकी उतरण्याजोगी होते असेही नाही; ती कधीच उतरण्याजोगी नसते. लांब बांबूला पांढरा पंचा गुंडाळून तळाला टेकेपर्यंत सोडायचा, थोडा वेळ थांबायचे आणि सरळ वर काढायचा. काळा गाळ कुठवर चिकटला ते पंच्यावर दिसते. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून गाळ जास्त असेल तर टँकर बोलवायची वेळ झाली. घर रिकामे असेल तर या मोजमापावरही भरवसा ठेवू नका. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घर सहा महिने बंद असते, टाकी शांत दिसते. नळ अर्धा तास सोडून ठेवावा आणि पाणी पुढे सरकते की संडासाकडे उलटे येते ते बघावे. जमले तर पावसाळ्यात पुन्हा बघावे. काळी माती भिजून फुगली की उन्हाळ्यातली सगळी उत्तरे बदलतात.

शिवाय गाव म्हणून करायचे कामही आहे. ग्रामपंचायत घरपट्टीसाठी दरवाजे मोजते, ती टाक्या का मोजत नाही? कोणाची टाकी कधी बांधली, शेवटची कधी उपसली, टँकरने की माणसाने, अशी नोंदवही हवी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या पोरांनी हा विषय लेखी द्यावा आणि ठरावात 'यंत्रानेच' हा शब्द घालून घ्यावा. स्वच्छतेच्या घोषणा त्या दिवशी नाहीतरी द्यायच्याच असतात.

सरांना आम्ही हे सगळे सांगितले. इसारपावती व्हायची होती. घरमालक आधी रागावले, मग बाजूला खुर्ची टाकून बसले. सरांनी आणि त्यांच्या मेव्हण्याने छिन्नीने सिमेंट फोडून फरशी सरकवली. कोरड्या दगडाची बांधणी, तळाला काँक्रीट नाही, पंचा जवळजवळ वरपर्यंत काळा. बोअर मोजला तर एकतीस फुटांवर. त्यावर घराची किंमत पुन्हा बोलली गेली आणि दोन शोषखड्डे नव्या जागी, बोअरपासून लांब घ्यायचे ठरले. टँकर आला तेव्हा सोबतच्या माणसाने विचारले, "तळाचा घट्ट गाळ पाइपाला येणार नाही. पोरगा उतरवू का? वेगळे हजार द्या." सर नाही म्हणाले. तळाचा थर तसाच राहिला. त्यावर पाणी सोडून तो भिजू दिला आणि पंधरा दिवसांनी टँकर परत बोलावला. दुसऱ्या फेरीचे पैसे सरांच्या आईने पदराच्या गाठीतून काढून दिले, घासाघीस न करता.